अण्णांच्या किडनीच्या गाठीची जीन एक्सप्रेशन टेस्ट करावी का?

तासगावची_लेक (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी सातवी-आठवीला गणित शिकवते. आकड्यांना आपण घाबरत नाही असा माझा समज होता, तो या एप्रिलमध्ये गेला.

माझे वडील, अण्णा, वय ६३. चार एकर द्राक्षबाग, साखर नाही, बीपी थोडं. मार्च महिन्यात पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे असतील असं वाटलं होतं. खडे निघाले नाहीत, उजव्या किडनीत गाठ निघाली. एप्रिलमध्ये दुर्बिणीतून पूर्ण किडनी काढली. बायोप्सी रिपोर्टमधलं जसंच्या तसं लिहिते: क्लिअर सेल रीनल सेल कार्सिनोमा (म्हणजे किडनीचा कॅन्सर), ७.५ सेंटीमीटर, ग्रेड ३ (चारपैकी), नेक्रोसिस (मेलेला भाग) आहे, सार्कोमॅटॉइड (जास्त आक्रमक) भाग नाही, पीटी२ए (गाठ सात ते दहा सेंटीमीटर, किडनीच्या आतच), पीएनएक्स (लिम्फ नोड तपासलेले नाहीत). सीटीत फुप्फुसात, यकृतात कुठे काही नाही.

डॉक्टर म्हणाले, आता औषध नाही, सहा महिन्यांनी स्कॅन. मी विचारलं, परत येण्याची शक्यता किती? त्यांनी केसपेपरच्या मागे बेरीज करून दाखवली: टी२ चे ३, ग्रेड ३ चा १, नेक्रोसिसचा १, गाठ दहा सेंटीमीटरच्या आत म्हणून ०, लिम्फ नोडमध्ये काही दिसलं नाही म्हणून ०. एकूण ५. याला लिबोविच स्कोअर म्हणतात. ३ ते ५ म्हणजे मधला गट. घरी येऊन शोधलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९७० ते २००० मधल्या १,६७१ रुग्णांवरून तो बनवलाय, आणि मधल्या गटातल्या साधारण ७४ टक्के लोकांचा आजार पाच वर्षांत कुठे पसरला नव्हता.

म्हणजे शंभरातले २६ राहिले. अण्णा ७४ मध्ये आहेत की २६ मध्ये, हा प्रश्न चुकीचा आहे हे मी स्वतः फळ्यावर मुलांना शिकवते. तरी रात्री तोच येतो.

आता मुद्द्याचं. न्यू जर्सीतल्या मावसभावाने एक लेख पाठवला. गाठीतली कोणती जनुकं किती ‘चालू’ आहेत ते मोजून आजार परत येईल का ते सांगता येतं म्हणे. तो म्हणतो, तिकडे असतो तर हे केलंच असतं. इकडे रक्त-लघवी तपासायला ज्या सेंटरवर जातो तिथल्या माणसाने ‘ट्यूमर जीनोमिक प्रोफाइल’ असं छापलेलं एक गुळगुळीत माहितीपत्रक दिलं. किंमत ऐकून आई म्हणाली, एवढ्यात ऑक्टोबर छाटणीची निम्मी औषधं येतात. पण पैशाचं आम्ही बघू. मला हे कळत नाही की त्या टेस्टने ७४ चा आकडा खरंच अण्णांचा स्वतःचा होईल का? आणि हे आमच्या घराण्यात आहे का, तेही त्यातून कळेल का? धाकट्या भावाला आत्तापासूनच धास्ती बसली आहे.

कुणाला अनुभव असेल तर सांगा. धीर देणारे संदेश नकोत, ते व्हॉट्सॲपवर पुष्कळ येताहेत.

पॅराफिन_मेण

ताई, मी हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल बोलणार नाही. पण अण्णांच्या गाठीचं पुढे काय झालं असेल ते सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही.

किडनी आमच्याकडे फॉर्मेलिनच्या डब्यात येते. उभी कापली की क्लिअर सेलची गाठ लगेच ओळखू येते, हळदीसारखी पिवळी, मध्ये कुठे रक्ताळलेली, कुठे पांढरट. पिवळी असते कारण पेशींत चरबी ठासून भरलेली असते. आम्ही तिच्यावर अल्कोहोल आणि झायलीनची प्रक्रिया केली की ती चरबी विरघळून जाते, आणि मायक्रोस्कोपखाली पेशी रिकाम्या, काचेसारख्या दिसतात. ‘क्लिअर सेल’ हे नाव तिथून आलं.

मग डॉक्टर तुकडे घेतात. ठोकताळा असा की गाठीच्या दर सेंटीमीटरमागे एक तुकडा, निदान तीन तरी. तुमच्या साडेसातच्या गाठीचे सात-आठ ब्लॉक झाले असतील. प्रत्येक तुकडा मेणात बसवून काड्यापेटीहूनही लहान ठोकळा होतो. आता विचार करा, लिंबापेक्षा मोठी ती गाठ, तिचे हे सात-आठ चतकोर, आणि जीन टेस्टला त्यातला जातो एक. त्यातूनही मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) काढलेल्या कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चार-सहा कापण्या. कुठला ब्लॉक गेला यावर उत्तर बदलू शकतं. सेंटरवाल्याला एवढंच विचारा की ब्लॉक कोण निवडतं. त्याला उत्तर येणार नाही, मी पैज लावतो.

दुसरं. फॉर्मेलिनमध्ये डीएनए बऱ्यापैकी टिकतो, आरएनए मात्र तुकडे तुकडे होतो. आरएनए म्हणजे चालू असलेल्या जनुकाची पेशीने काढलेली नक्कल, आणि जीन एक्सप्रेशन म्हणजे ती मोजणं. नमुना किती वेळ कोरडा राहिला, फॉर्मेलिन पुरेसं होतं का, शनिवारी दुपारी काढलेली किडनी सोमवारी कापली का, या सगळ्याचा परिणाम होतो. एका ठिकाणी मी होतो तिथे ऑपरेशन थिएटरमधून नमुना यायलाच पाच-सहा तास जायचे, बादलीत फॉर्मेलिन तळाशी. तसल्या ब्लॉकमधून आरएनए काय निघणार? चांगल्या टेस्ट याची सोय करतात: छोटे तुकडेसुद्धा पकडतील अशा रीतीने मोजतात, आणि जोडीला काही ‘संदर्भ’ जनुकं मोजतात, जी सगळ्याच पेशींत साधारण सारखी चालू असतात. ती कमी आली तर समजायचं की नमुनाच खराब. वजनकाट्याला आधी माहीत असलेलं माप लावून बघतो तसं.

आणि माहितीपत्रक नीट वाचा. ‘जीनोमिक प्रोफाइल’ म्हणजे बहुतेक वेळा डीएनएतले बदल शोधतात. तुमच्या मावसभावाचा लेख आरएनएचा दिसतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच चकचकीत कागदावर दोन्हींचे फोटो असतात.

आर_मध्ये_अडकलेली

पुण्यात बायोइन्फॉर्मेटिक्स करते. हा विषय म्हणजे माझं एमएस्सीचं प्रोजेक्ट, आणि माझा सगळ्यात मोठा पोपट पण.

आधी जे खरं आहे ते. क्लिअर सेलच्या बहुतेक गाठींत व्हीएचएल नावाचं जनुक निकामी असतं. ते सापडलं १९९३ मध्ये. या जनुकाचं काम हिफ नावाच्या प्रथिनाला वेळेवर मोडीत काढणं. ते झालं नाही की पेशीला सतत वाटतं प्राणवायू कमी पडतोय, आणि ती ‘रक्तवाहिन्या वाढवा’ असे निरोप धाडत सुटते. पेशीला प्राणवायूची चाहूल कशी लागते हे उलगडणाऱ्या तिघांना, केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना, २०१९ चं नोबेल मिळालं. म्हणजे या आजारात जनुकं चालू-बंद असण्याला अर्थ नक्की आहे, थोतांड नाही.

२०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका गटाने जीन एक्सप्रेशनवरून क्लिअर सेलचे दोन प्रकार पाडले, सीसीए आणि सीसीबी. पहिल्यातले लोक जास्त जगतात. २०१४ मध्ये तेच काम ३४ जनुकांत बसवलं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलासने चारशेहून जास्त गाठींचा अभ्यास छापला. त्यात दिसलं की वाईट वागणाऱ्या गाठी आपला स्वयंपाकच बदलतात: क्रेब्ज चक्राची (पेशीत ऊर्जा बनवण्याची) जनुकं मंदावतात, चरबी बनवणारी जोरात चालतात. आणि २०१५ मध्ये १६ जनुकांचा स्कोअर आला. ११ कॅन्सरची, ५ संदर्भाची (मेणवाले दादा म्हणतात ती). तो अमेरिकेतल्या ९४२ रुग्णांवर बनवला आणि फ्रान्समधल्या ६२६ वेगळ्या रुग्णांवर पडताळला. मावसभावाचा लेख बहुधा यातलाच कुठला तरी असावा. त्यात एक गंमत आहे. रक्तवाहिन्यांची जनुकं जितकी जास्त चालू तितका धोका कमी! उलटं वाटतं ना? पण असं समजा की ती गाठ अजून तिच्या मूळ वळणावर आहे, व्हीएचएल-हिफच्या एकाच वेडात. जी गाठ ते वळण सोडून नुसती पेशी फोडत सुटते, दाह वाढवणारं आयएल-६ सोडते, तिची भीती जास्त.

आता पोपट. ॲटलासचा सगळा डेटा फुकट उतरवता येतो. मी उतरवला, हजारो जनुकांतून पंधरा निवडली, मॉडेल बसवलं. कॅप्लान-मायर आलेखावर (किती रुग्ण किती काळ जगले ते दाखवणाऱ्या) लाल रेघ धाडकन खाली आणि निळी वर. गाइडना दाखवलं, त्या चहा पीत होत्या. म्हणाल्या, छान, आता चिठ्ठ्या टाकून कुठलीही पंधरा जनुकं घे आणि हेच कर. केलं. पुन्हा रेघा वेगळ्या. पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा वेगळ्या. दर वेळी नाही, पण इतक्या वेळा की मी लॅपटॉप मिटून खाली वडापाव खायला गेले.

हे मलाच सापडलं असंही नाही. स्तनाच्या कॅन्सरबाबत २०११ मध्ये एका गटाने दाखवलं होतं की वाट्टेल तशी उचललेली जनुकांची यादीसुद्धा बहुतेक वेळा ‘भवितव्य सांगते’. २०१७ मध्ये स्वीडनच्या ह्यूमन प्रोटीन ॲटलासवाल्यांनी १७ प्रकारच्या कॅन्सरमध्ये असं प्रत्येक जनुक तपासलं, तर किडनीत भवितव्याशी जोडलेल्या जनुकांचा आकडा हजारोंत गेला, इतरांपेक्षा जास्त. कारण साधं आहे. गाठ बिघडली की तिच्यातलं एक जनुक बदलत नाही, अख्खा मोहल्ला बदलतो. मग कुणाच्याही घराची बेल वाजवा, आत भांडण ऐकू येणारच. म्हणून दर महिन्याला किडनी कॅन्सरचं नवं ‘सिग्नेचर’ (भवितव्य सांगणारी जनुकांची यादी) छापून येतं, कधी लोहाशी संबंधित जनुकांचं, कधी तांब्याशी. त्यांतली मोजकीच दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या हॉस्पिटलातल्या रुग्णांवर तपासली जातात.

तर ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चांगली टेस्ट असेल तर ७४ चा आकडा वर किंवा खाली सरकेल. पण तोही एका गटाचाच आकडा असेल, थोड्या लहान गटाचा. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला मी काय सांगणार.

घराण्याचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. गाठीतलं एक्सप्रेशन म्हणजे त्या गाठीचा आजचा मूड. वारशाने आलं का हे रक्तातल्या डीएनएवरून बघतात, आणि ते सुचवतात ४६ किंवा त्याहून कमी वयात गाठ झाली, दोन्ही किडन्यांत किंवा एकात अनेक गाठी असल्या, किंवा जवळच्या नात्यात आणखी कुणाला असलं तर. अण्णांचं वय ६३, गाठ एक. नात्यात कुणी नसेल तर भावाला झोपू द्या.

नाशिकरोड_पेन्शनर

माझा मुद्दा वेगळा आहे. माझ्या मिसेसना स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच २१ जनुकांची टेस्ट सांगितली. नमुना परदेशी गेला. स्कोअर कमी आला आणि केमो टळली. आज त्या ठणठणीत आहेत, काल मला पुरणपोळीवर तूप कमी वाढलं. तेव्हा टेस्ट फालतू असते असं कृपया पसरवू नये. स्तनाला चालते तर किडनीला का नको?

आर_मध्ये_अडकलेली

काका, फालतू म्हणालेच नाही. काकूंची टेस्ट उत्तम, पण तिच्यामागे काय उभं होतं ते बघा. टेलरएक्स नावाचा मोठा प्रयोग झाला, निकाल २०१८ मध्ये आले. ज्यांचा स्कोअर मधला होता अशा ६,७११ बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला फक्त हार्मोनचं औषध, दुसऱ्याला हार्मोन अधिक केमो. नऊ वर्षांनी दोन्ही सारखेच. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना केमोचा थोडा उपयोग दिसला, एवढंच. म्हणजे तिथे स्कोअर नुसता ‘पुढे काय होईल’ सांगत नाही, ‘केमो द्यायची की नाही’ हे ठरवतो. डॉक्टरांच्या हातात निर्णय येतो.

किडनीत तो दुसरा भाग अजून जमलेला नाही. एस-ट्रॅक नावाची ट्रायल होती, ऑपरेशननंतर सुनिटिनिब नावाचं कॅन्सरचं औषध द्यायचं की नाही याची, २०१६. त्यातल्या काही रुग्णांच्या ब्लॉकवर १६ जनुकांचा स्कोअर लावून बघितला. जास्त धोक्याचे कोण, कमी धोक्याचे कोण, हे त्याने बरोबर वेगळं केलं, औषध घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांतही. पण सुनिटिनिबचा फायदा कुणाला होईल हे त्याला सांगता आलं नाही. पाऊस येणार हे सांगणारा आणि छत्री कुणाला पुरेल हे सांगणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत.

युरोपातल्या यूरॉलॉजिस्टांची मार्गदर्शक तत्त्वंही किडनीच्या भवितव्यासाठी अशी रेण्वीय टेस्ट रोजच्या वापरात करा असं म्हणत नाहीत. ‘तिकडे असतो तर केलंच असतं’ हे त्यामुळे तितकंसं खरं नाही.

आजार पसरलेला असेल तर चित्र जरा निराळं आहे. तिथे ८२३ गाठींच्या आरएनएवरून सात गट पाडलेत: काही रक्तवाहिन्यांवर जगणारे, काहींत रोगप्रतिकारक पेशी ठाण मांडून बसलेल्या. कुठल्या गटाला कुठलं औषध, याचे प्रयोग चालू आहेत. फ्रान्समध्ये बायोनिक नावाच्या प्रयोगात ३५ जनुकांवरून औषध ठरवून बघितलं, निकाल २०२२ मध्ये छापले. अमेरिकेत ऑप्टिक नावाच्या प्रयोगात तसंच. मला या विषयात खरी आशा वाटते ती तिथे. पण ती अण्णांची गोष्ट नाही, आणि नसो.

एकच_किडनी

डोंबिवली. डावी काढली २०१७ साली. मला ही टेस्ट कुणी विकायला आलं नाही, नाहीतर तेव्हा मी घेतली असती. घाबरलेला माणूस काहीही विकत घेतो.

एकच सांगतो. समजा टेस्ट केली आणि ‘धोका जास्त’ आलं. डॉक्टर काय वेगळं करतील, हे आधी विचारा. त्यांनी ‘काही नाही, स्कॅनच’ म्हटलं तर तुम्ही पैसे देऊन झोप विकली. बाकी: दुखलं तर पॅरासिटामॉल, ब्रुफेन-डायक्लोफेनॅक कुणाच्याही सांगण्यावरून नाही. क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) डायरीत लिहून ठेवा. शेतकऱ्याला सांगायला नको पण सांगतो, फवारणीला स्वतः उभं राहू नका.

तासगावची_लेक

सगळ्यांचे आभार. मेणवाले दादा, मी सेंटरवर जाऊन खरंच विचारलं, ब्लॉक कोण निवडतं. तो म्हणाला, ‘मॅडम, ते वरती ठरतं.’ वरती म्हणजे कुठे हे त्यालाही माहीत नव्हतं. आणि टेस्ट डीएनएचीच निघाली.

काल संध्याकाळी ओट्यावर बसून हा सगळा धागा अण्णांना वाचून दाखवला. लपवायचं नाही असं ठरवलं होतं. हिफ आणि नोबेलपर्यंत ते हं हं करत होते. सात-आठ ब्लॉक आणि त्यातला एकच जातो, हे आल्यावर थांबले. म्हणाले, ‘एका घडाचं ब्रिक्स काढून आख्ख्या बागंचा सौदा करत्यात व्हय गं?’

द्राक्षवाल्यांना कळेल, बाकीच्यांसाठी सांगते. माल उतरायच्या आधी मण्याचा रस काचेवर टाकून गोडी मोजतात. व्यापारी नेहमी उन्हाकडच्या वरच्या घडाचा मणी तोडतो, तो गोड असतो. अण्णा त्याला ओढत नेऊन सावलीतल्या, खोडाजवळच्या घडाचा मणी तोडायला लावतात, मग दुसऱ्या ओळीतला. एकाच वेलीवर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. मला तो फरक लहानपणापासून माहीत आहे. गाठीबाबत मात्र माझ्या डोक्यातच आला नाही.

आर_मध्ये_अडकलेली

अण्णांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी जे ओट्यावर म्हटलं ते सिद्ध करायला लंडनमधल्या लोकांना २०१२ उजाडलं! गेर्लिंगर, स्वॉन्टन वगैरे. त्यांनी एकेका रुग्णाच्या किडनीच्या गाठीचे ठिकठिकाणचे तुकडे घेतले. एकेका गाठीतले ६३ ते ६९ टक्के जनुकबदल सगळ्या तुकड्यांत सापडलेच नाहीत, काही तुकड्यांतच होते. आणि आपल्या विषयाचं म्हणजे, एकाच गाठीच्या एका भागात चांगल्या भवितव्याचं एक्सप्रेशन आणि दुसऱ्या भागात वाईट. २०१४ मध्ये सीसीए-सीसीबी घेऊन पुन्हा बघितलं, तर दहापैकी आठ गाठींत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत होते. आणि हीच ती यादी, जी बाकीच्या सगळ्या खुणांना मागे टाकून त्याच अभ्यासात टिकली होती! म्हणजे माप चांगलं, पण मणी कुठला तोडला त्यावर सगळं.

मी हे माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात ‘मर्यादा’ म्हणून दोन ओळींत उरकलं होतं. आता लाज वाटते.

पॅराफिन_मेण

ताई, सौद्यावरून आठवलं, आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. टेस्टचे पैसे बाजूला ठेवा आणि स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, ज्यांच्याकडे किडनीच्या केसेस जास्त येतात अशांना. कारण सांगतो.

किडनीच्या मधोमध चरबीची एक खोबण असते, तिला रीनल सायनस म्हणतात. तिथे शिरा असतात पण आडोसा नसतो, गाठ तिकडे सहज घुसते. सात सेंटीमीटरच्या पुढच्या गाठींत असं बऱ्याचदा होतं, आणि तुकडे तिथून पुरेसे घेतले नाहीत तर ते हुकतं. आत शिरलेली सापडली की पीटी२ए चं पीटी३ए होतं. तेव्हा औषधाचा प्रश्न खरोखर बदलतो. पेम्ब्रोलिझुमॅब या रोगप्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधाची ऑपरेशननंतरची मोठी ट्रायल झाली, कीनोट-५६४, ९९४ रुग्ण. त्यात पीटी३ कुठल्याही ग्रेडचे घेतले होते, पण पीटी२ घेतले ते फक्त ग्रेड ४ किंवा सार्कोमॅटॉइड असलेले. म्हणून तर तुमच्या डॉक्टरांनी औषध नको म्हटलं, ते बरोबरच आहे. चार वर्षांनी औषधाच्या गटात ९१ टक्के लोक हयात होते, नुसत्या सलाइनच्या गटात ८६. हे दार उघडतं की नाही, ते त्या खोबणीतल्या चरबीवर आहे. सोळा जनुकं मोजून ते उघडत नाही.

हॉस्पिटलला साधा अर्ज करा, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही मागा. किडनीचा उरलेला भाग डब्यात असेल तर त्यातून आणखी तुकडे घेता येतात, पण तो कायम ठेवत नाहीत. तेव्हा आज अर्ज करा, उद्या नाही.

एकच_किडनी

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी ८ सेंटीमीटर होती. असो, आता किती वर्षं झाली.

तासगावची_लेक (पाच आठवड्यांनी)

धागा वर आणते, माफ करा.

अर्ज केला. ब्लॉक मिळाले, आणि नशिबाने डबाही अजून टाकला नव्हता. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी सायनसकडचे आणखी चार तुकडे घेतले. त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून बघू दिलं. एक डोळा मिटून बघितलं तर गुलाबी जाळी आणि मधे रिकामी रिकामी घरं, मेणवाल्या दादांनी सांगितलेली, चरबी वाहून गेलेली. मध्ये एक ओसाड पट्टा, तो नेक्रोसिस. ‘इथपर्यंत गाठ, इथून चरबी,’ बाईंनी बाण फिरवून दाखवलं. दोन्हींच्या मध्ये एक बारीक कडा होती आणि ती कुठेच तुटलेली नव्हती.

ग्रेड ३ च. पीटी२ए च. स्कोअर ५ च.

आमच्या डॉक्टरांनाही भेटलो. मी ‘एकच किडनी’ काकांचा प्रश्न तसाच विचारला: जीन टेस्ट केली आणि धोका जास्त आला तर तुम्ही काय वेगळं कराल? ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘खरं सांगू का, मी स्कॅन सहाऐवजी चार महिन्यांनी करीन, आणि ते तुम्हाला हवं असेल तर तसंही करू.’ आम्ही सहावरच थांबलो. मावसभावाला कळवलंय, तो जरा नाराज आहे. माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अण्णांनी मजुरांचा हिशोब लिहिलाय.

आता नवीन भांडण. स्कॅनची तारीख नेमकी ऑक्टोबर छाटणीच्या आठवड्यात पडते आहे. अण्णा म्हणतात छाटणी चार दिवसही पुढे जाणार नाही, स्कॅन ढकला. आई ऐकायला तयार नाही. मी मधला मार्ग काढलाय: पहाटे निघायचं, स्कॅन करून दुपारपर्यंत बागेत. ‘एकच किडनी’ काका, काँट्रास्टच्या (स्कॅनसाठी शिरेत देतात त्या औषधाच्या) आधीचं क्रिएटिनिन तुम्ही किती दिवस आधी काढून नेता? आणि सकाळी उपाशी जावं लागतं, तर चहा तरी चालतो का, अण्णा चहाशिवाय मिरजेच्या पुढे जायचे नाहीत.